सातव्या काचेवरची शीर

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी सापडायचं नाही, दगड मात्र हमखास असायचा. लिंबाएवढा, दुधी रंगाचा, कडा झिजून गुळगुळीत झालेला कॅल्साइटचा तुकडा. कुणी पेन मागितलं की ते आधी तो दगड बाहेर काढत, त्याच्याकडे पाहत, पुन्हा खिशात टाकत आणि म्हणत, "पेन तुझ्याचकडे असंल, पाह्य." आणि ते खरंच आपल्याकडेच असायचं.

त्या तुकड्याला ते 'ओळखीचा' म्हणत. कुठलाही नवा दगड तपासायला आला की आधी त्याच बाटलीतलं आम्ल, त्याच ड्रॉपरनं, ओळखीच्यावर एक थेंब. तो नीट फसफसला तरच पुढचं काम. मला हा वेळकाढूपणा वाटे. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "आम्लच बिघडलं असलं तर? मंग त्या बिचाऱ्या दगडावर काऊन आळ घ्याचा?"

मी सांगलीची, ते वणीकडचे. महाराष्ट्रात भेटलो असतो तर एकमेकांच्या मराठीला हसून मोकळे झालो असतो. इथे चंदीगडात आमच्या संस्थेच्या त्या विभागात मराठी बोलणारी आम्ही दोघंच, त्यामुळे हसायचीही सोय नव्हती. बाकीच्यांशी ते हिंदीत बोलत. ती हिंदी ऐकून आमचे पंजाबी शिपाई तोंड फिरवून हसत. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव 'चूनेवाले सर' ठेवलं होतं. वडील वणीजवळच्या चुनाभट्टीवर कामाला होते हे सर स्वतःच सगळ्यांना सांगत, त्यामुळे त्या नावात त्यांना चिडण्यासारखं काही वाटायचं नाही.

आमचं काम म्हणजे कार्बोनेट खनिजं ओळखणं. ही जात मोठी फसवी. कॅल्साइट, डोलोमाइट, अ‍ॅरागोनाइट, मॅग्नेसाइट, सगळी पांढरट, सगळी साधारण एकाच घडणीची. डोळ्यांनी बघून ओळखतो म्हणणारा एकतर थापाड्या असतो नाहीतर नवशिका. थंड, सौम्य आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट लगेच उसळतं. डोलोमाइट ढिम्म बसून राहतं, त्याची भुकटी केली तर जरा कुरकुरतं. मॅग्नेसाइटला तर आम्ल तापवूनच घालावं लागतं. सरांच्या भाषेत, "कॅल्साइट बोंबलते, डोलोमाइट पुटपुटते, अन् मॅग्नेसाइटले चहा पाजल्याबिगर ते तोंडच उघडत नाही."

हे बोंबलणं आणि पुटपुटणं ते खरोखर ऐकत. कुठल्याशा डॉक्टरनं टाकून दिलेला स्टेथोस्कोप त्यांनी मिळवला होता. दगडावर थेंब टाकायचा, बाजूला स्टेथोस्कोप टेकवायचा आणि डोळे मिटून बसायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, हा माणूस दगडाला ताप आहे का बघतोय. एक्स-रेचं मोठं मशीन होतं आमच्याकडे, पण त्यांचं त्याच्याशी जमलं नाही. "मशीन काय हाय ते सांगते. कुठं हाय ते सांगते का? भुकटी केल्यावर कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं, ते समजंल कसं?" यात तथ्य होतं. दगडाची कागदाहून पातळ चकती काचेवर चिकटवून तिला रंग दिला, तर कुठला कण कॅल्साइटचा आणि कुठला डोलोमाइटचा, ते जागच्या जागी दिसतं. अ‍ॅलिझरिन नावाचा रंग आहे. तो कॅल्साइटवर लाल चढतो, डोलोमाइटवर चढत नाही. इतकी सोपी गोष्ट. या सोप्या गोष्टीनंच आमचं वाटोळं केलं.

एकदा सेक्टर १७ मध्ये मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले होते. माझा पत्ता बदलायचा होता, त्यांना काहीच काम नव्हतं. मी रांगेत असताना त्यांनी खिशातली छोटी बाटली काढून पायरीच्या कोपऱ्यावर थेंब टाकला आणि उकिडवे बसून कान लावला. फरशीवर काय ओतताय म्हणून विचारत पहारेकरी धावत आला. "अंकल जी, की पा रहे हो फर्श ते?"

सर कान न हलवता म्हणाले, "श्श. सुनने दो."

मी रांग सोडून धावले आणि पहारेकऱ्याला समजावलं की हे शास्त्रज्ञ आहेत. त्यानं माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की अशा शास्त्रज्ञाबरोबर हिंडणाऱ्या मुलीच्या आईवडिलांचं कसं होत असेल, हे मला त्याच्या चेहऱ्यावर वाचता आलं. सर उठले, गुडघे झटकले आणि त्याला गंभीरपणे म्हणाले, "आपका पत्थर मजबूत है. चिंता मत करना." पत्ता बदलायचं मात्र त्या दिवशी राहिलंच.

त्या बाटलीपायी त्यांच्या सगळ्या शर्टांना भोकं होती. आणि त्या दगडापायी सगळे खिसे लोंबत. खिशाचा बंदोबस्त पुढे चंदीगडालगतच्या मनीमाजऱ्याच्या एका शिंप्यानं केला. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

सरांची आणखी एक सवय होती, आणि तिचा मला खरा वैताग यायचा. काच रंगवून, धुऊन, वाळवून झाली की ते ती माझ्यासमोर धरत. "सांग वं, काय दिसून राह्यलं?" मी सांगितलं की पुन्हा, "नीट पाह्य." मग तिसऱ्यांदा, "पक्कं?" मग कुठे ते आपल्या लांबोडक्या रजिस्टरात मराठीत नोंद करत. त्या रजिस्टराचाही एक कायदा होता. खोडायचं नाही. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं आणि खालच्या ओळीत बरोबर लिहायचं. मला वाटे, म्हातारा परीक्षा घेतो आहे. तीन वर्षं संशोधन करणाऱ्या बाईला लाल की पांढरं विचारतो, म्हणजे मला बालवाडीत बसवतो आहे. सगळ्याच विद्यार्थ्यांना तसंच वाटायचं. आम्ही त्यांच्या पाठीमागे "काय दिसून राह्यलं" म्हणून एकमेकांना जेवणाच्या डब्यातली भाजी दाखवत असू.

बाकीही पुष्कळ दिसत होतं, पण बघायचं कुणी? सिग्नलपाशी ते दिव्याकडे कधी बघत नसत, शेजारचा माणूस चालू लागला की चालत. मंडईत टोमॅटो हातात घेऊन भाजीवाल्यालाच विचारत, "पके हैं ना?" मी मनात म्हणे, काय हा भाबडेपणा. पायात एक मोजा हिरवा, एक तपकिरी. विद्वानाला हे शोभतं, असंही मी कुणाला तरी सांगितल्याचं आठवतं.

आता त्या शिंप्याबद्दल, म्हणजे आधी त्याच्या मुलीबद्दल. माझ्या बऱ्याच आधीपासून सरांच्या हाताखाली एक मुलगी पीएच.डी. करत होती. मनीमाजऱ्याची. वडील शिंपी, आई नव्हती. मी आले तेव्हा तिचं लिखाण शेवटच्या टप्प्यात होतं. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. सरांना ती तोंडावर 'चूनेवाले सर' म्हणायची, आणि खिसे दुहेरी कापडाचे करून द्यायची कल्पना तिचीच. वडिलांकडून तिनं सरांचे सगळे शर्ट दुरुस्त करून आणले होते.

पावसाळ्यात ती आणखी थोडे नमुने आणायला हिमाचलात गेली. परतीच्या रस्त्यावर दरड कोसळली ती नेमकी तिच्या गाडीवर. नमुन्यांची पोती मागच्या गाडीत होती, ती तेवढी आली.

सर तेरा दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग पोती उघडून बसले. तिचं उरलेलं काम पुरं करून प्रबंध तिच्या नावानं सादर करायची त्यांनी खास परवानगी मिळवली. मदतीला मला घेतलं. तिचे वडील महिन्यातून एकदा सायकलवरून येत, दारात उभे राहत, आत येत नसत. "सर जी, बिटिया का काम चल रहा है?" सर म्हणत, "चल रहा है. पूरा होगा." मग ते सरांचा खिसा उसवला नाही ना ते बोटानं चाचपून बघत आणि जात. त्या माणसाला आता दुसरं काही नको होतं. मुलीच्या नावामागे ती पदवी लागावी, एवढंच.

तिचं म्हणणं असं होतं की त्या डोलोमाइटच्या खडकात सगळ्यात शेवटी भरलेल्या शिरा कॅल्साइटच्या आहेत. म्हणजे डोंगर उचलला जात असताना तिथून वेगळंच पाणी वाहिलं होतं. पुरावा म्हणून शेवटच्या फेरीतला एकच चांगला नमुना होता. त्याची काच मी घासली, सरांनी रंगवली. त्या दिवशीची ती सातवी. शीर शिवणाच्या दोऱ्याएवढी. एवढ्याशा शिरेचा आवाज स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही.

आधीच्या सहाही काचा पांढऱ्या राहिल्या होत्या. मला साडेपाचच्या बसनं मोहालीला मैत्रिणीकडे जायचं होतं. मी फोनवर तिला उत्तर लिहीत होते.

"काय दिसून राह्यलं?"

"पांढरीच आहे सर."

"नीट पाह्य वं."

"पाहिली सर. पांढरी."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हटलं. मान वर न करता.

त्यांनी काच खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे पोरगी चुकली." आणि लिहायला बसले. पेनसाठी त्यांनी खिसा चाचपला, ते मला दिसलं. काच तेवढी दिसली नाही.

पुढचा महिनाभर त्यांनी तिचा शेवटचा भाग बदलला. तिनं जे लिहिलं होतं ते काढलं आणि त्याच्या उलट लिहिलं, तिच्याच नावानं. "मेलेल्या माणसाले खोटं पाडणं लई वंगाळ," ते मला म्हणाले, "पण दगड सांगते ते लिहाच लागते." प्रबंध गेला. तिचे वडील त्या दिवशी पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या आत आले आणि तिच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून गेले.

चार महिन्यांनी परीक्षकाचा शेरा आला. त्यानं त्या नमुन्याचा उरलेला तुकडा मागवून घेतला होता आणि स्वतः रंगवून पाहिला होता. शीर लाल. मूलभूत चाचणीच चुकीची असल्यामुळे बाकीच्या निष्कर्षांवरही विश्वास ठेवता येत नाही, असं त्यानं लिहिलं होतं.

मी कपाटातून सातवी काच काढली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. लाल होती. लख्ख लाल. पहिल्यापासून लालच होती. मी ती परत ठेवून दिली आणि कुणाला काही बोलले नाही. माझ्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीचा कागद त्याच आठवड्यात सहीला होता. हे कारण लिहिताना मला आजही लाज वाटते, पण कारण तेच होतं.

विभागप्रमुखांनी बैठक बोलावली. मीही होते, कोपऱ्यात.

"यह स्लाइड किसने देखी थी?"

सर म्हणाले, "मैंने."

"आपने खुद?"

"अपनी आँखों से."

"रजिस्टर कहाँ है?"

"मिल नहीं रहा, जी."

हे खोटं होतं. त्या सकाळीच मी ते रजिस्टर त्यांच्या पिशवीत पाहिलं होतं. मला वाटलं, म्हातारा स्वतःला वाचवतो आहे. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, कारण त्याबरोबर मीही वाचत होते.

प्रमुखांनी दोन काचा टेबलावर ठेवल्या. त्यांना आधीपासून काही शंका होती का, हे मला आजही ठाऊक नाही. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "बुरा मत मानिए. इनमें से लाल कौन-सी है?"

सरांनी दोन्ही काचा उचलल्या. उजेडाकडे धरल्या. खिशातला दगड काढून टेबलावर ठेवला, का ते त्यांनाच माहीत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. तीन वर्षांत शंभरदा ऐकलेला तो प्रश्न त्यांच्या ओठांवर आला, आणि त्यांनी तो गिळला.

"बाएँ वाली," ते म्हणाले.

दोन्ही लाल होत्या.

प्रमुखांनी काचा परत घेतल्या. मग प्रमुखांनी विचारलं, "कब से नहीं दिखता?" सरांनी दगड खिशात टाकला आणि म्हणाले, "आठ साल." तेव्हा मला समजलं की ते परीक्षा घेत नव्हते. ते आमचे डोळे मागून घेत होते, आणि मी माझे दिले नव्हते.

आठ वर्षांचं त्यांचं सगळं काम एका दिवसात संशयाखाली गेलं. त्यांना टेबलावर हात लावायची मनाई झाली. निवृत्तीला सहा महिने होते, ते त्यांनी वाचनालयात खिडकीपाशी बसून काढले. मी समोरून गेले की ते विचारत, "जेवली का?" मी हो म्हणे. त्यापलीकडे ते काही बोलले नाहीत आणि मलाही तोंड उघडायचं धैर्य झालं नाही. मुलीच्या प्रबंधाला मार्गदर्शक उरला नाही, परवानगीची मुदत संपली, फाइल बंद झाली. तिचे वडील यायचे थांबले.

सर निवृत्त झाल्यावर वर्षभरात गेले. महिन्याभरानं मी पंचकुल्याला त्यांच्या घरी, त्यांच्या बायकोला, काकूंना भेटायला गेले. काकूंनी चहा केला आणि आपण होऊनच सांगितलं. "टीबी झाला होता नं त्यायले. त्यातली एक गोळी डोळ्यायले बाधली. टीबी गेला, पण लाल-हिरवं काही उमजेच ना, सारं मळकट पांढरं दिसे. एक दिवस मले म्हणे, हा टमाटा पिकला का कच्चा? मी म्हटलं, मस्करी करता का? तर रडाले लागले. नोकरी जाईन म्हणून कोणालेच सांगितलं नाही. म्हणे, मी खोटं लिहिणार नाही, ज्याले दिसते त्याले इचारून लिहीन."

मग त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. "हे तुह्यासाठी ठेवलं होतं. म्हणाले, थे आपण होऊन आली तरच देजो."

मी तिथेच उघडलं. प्रत्येक पानावर चार रकाने. नमुना, चाचणी, निकाल, आणि चौथा, 'पाहणारा'. आठ वर्षांच्या त्या शेकडो ओळींत चौथ्या रकान्यात सरांचं नाव कुठेही नव्हतं. प्रत्येक ठिकाणी कुणा ना कुणा विद्यार्थ्याचं होतं. म्हणजे आठ वर्षांतली एकूण एक काच चांगल्या डोळ्यांनी पाहिलेली होती. हे रजिस्टर त्या दिवशी टेबलावर ठेवलं असतं तर त्यांचं सगळं काम वाचलं असतं. एकच नोंद खोटी ठरली असती, आणि ती कुणाची, हेही सगळ्यांना दिसलं असतं.

सातवी काच. अ‍ॅलिझरिन. पांढरी. पाहणारा: पुढे माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खोडलेलं नव्हतं. ते खोडत नसतच. त्याखाली एक ओळ कोरी सोडलेली होती.

काकूंसमोर मी रडले. त्यांनी का ते विचारलं नाही, यावरून त्यांना ठाऊक असावं.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर प्रमुखांपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला, पुसला. "अब क्या फ़ायदा, मैडम? न वो रहे, न वो लड़की," ते म्हणाले. त्या पानांच्या प्रती काढून त्यांनी फाइलला लावल्या. मला शिक्षा वगैरे काही झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं.

मग मी सातवी काच कापसात गुंडाळली, भिंग घेतलं आणि मनीमाजऱ्याला गेले. बाजारातल्या गल्लीत अरुंद दुकान. ते मशीनवर शाळेचा गणवेश शिवत होते. मला त्यांनी ओळखलं, स्टूल पुसून दिलं. मी उभ्या उभ्याच बोलले. काच मी पाहिली नव्हती, न पाहता सांगितलं, सरांनी माझ्या शब्दावर लिहिलं, आणि दोष स्वतःवर घेतला.

मशीन थांबलं. त्यांनी हातातला गणवेश घडी घालून बाजूला ठेवला.

"मतलब वो सही थी?"

"जी. वो सही थी."

"मुझे तो उसने बताया था," ते म्हणाले. "रोटी खाते-खाते. बोली, पापा, देखना, वो लाल निकलेगी. मैंने कहा, हाँ पुत्त, निकलेगी. मुझे क्या पता था क्या चीज़." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग होता आणि तो योग्य होता. "एक बार सिर उठा के देख लेती, बेटा."

मी कापूस उलगडला. त्यांनी सुईत दोरा ओवायचा चष्मा लावला, भिंग घेतलं आणि काच बल्बपाशी धरली. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "क्या दिख रहा है?"

त्यांनी घाई केली नाही. काच फिरवली, पुन्हा धरली.

"लाल धागा है," ते म्हणाले. "सीधा. इस कोने से उस कोने तक."

"पक्का?"

"पक्का."

मी शिलाईच्या टेबलाच्या कडेवर रजिस्टर उघडलं आणि कोऱ्या ओळीत लिहिलं. सातवी काच. अ‍ॅलिझरिन. लाल. मग त्यांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं आणि चौथ्या रकान्यात ते लिहिलं.